आमचे भाऊसाहेब

आमच्या ऑफिसात जिन्याखाली एक जागा आहे. आधी तिथे केबलची वेटोळी, दोन मोडक्या खुर्च्या आणि गणपतीच्या मांडवाचे बांबू पडलेले असत. आता तिथे भाऊसाहेब बसतात.

काळ्या पत्र्याचा उभा डबा. डाव्या अंगाचं झाकण कायमचं काढून ठेवलेलं, कारण उन्हाळ्यात त्यांना सोसत नाही. आत चार-चार टेराबाइटच्या दोन डिस्क. दोन्हींवर एकच मजकूर, म्हणजे एक गेली तरी दुसरीवर दप्तर शाबूत. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, माउस नाही. त्यांना कोणी समोर बसून काही विचारत नाही. जे विचारायचं ते वरच्या मजल्यावरून, वायरीतून. कपाळावर लाल स्केचपेनने लिहिलेला कागद चिकटवलाय : 'बंद करू नये. मावशी, हे तुमच्यासाठी.' झाडणाऱ्या मावशींनी एकदा मोबाइल चार्जिंगला लावायला भाऊसाहेबांची पिन काढली होती. त्या चाळीस मिनिटांत आमच्या गिऱ्हाइकांपैकी कोणी काय वापरलं याची नोंद आता जगात कुठेही नाही. मावशींचा मोबाइल मात्र चौसष्ट टक्के झाला होता.

आम्ही वाकडात इंटरनेट देतो. घरं दोन हजारांच्या आसपास. कस्पटे वस्ती, दत्तमंदिर रस्ता, थोडी डांगे चौकाच्या अलीकडे. मालकांना सगळे आप्पा म्हणतात. घराणं इथलंच, पूर्वी शेती. नव्वदीत गावात केबल टीव्ही आला तेव्हा आप्पांनी गच्चीवर छत्री बसवली, आणि टीव्ही मोबाइलवर गेला तेव्हा त्याच खांबांवरून फायबर ओढली. चैत्रात म्हातोबाचं बगाड हिंजवडीहून वाकडला येतं, त्या दिवशी आमची पोरं हातात बांबू घेऊन रस्त्यावर उभी असतात, वायरी वर उचलायला. ग्राहकसेवा त्या दिवशी बंद.

आप्पांना सोसायट्यांची नावं पाठ होत नाहीत. होणार तरी कशी, निम्मी इटलीतली आहेत. त्यांना सर्व्हे नंबर पाठ आहेत. मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्यांदा प्रत्येक सोसायटीला पत्त्यांचा वेगळा पट्टा नेमून दिला, सबनेट पाडले. कागद बघून आप्पा म्हणाले, "म्हणजे गट पाडलेस." मग मी त्यांना या डब्याचं काम सांगितलं : कुठल्या घरातून, कुठल्या पत्त्यावर, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, किती माल गेला-आला, सगळं हा लिहून ठेवणार.

"आणि त्या मालात काय होतं, ते?"

"ते नाही कळत, आप्पा. पेटी उघडत नाही हा. फक्त वजन करतो."

"मग हा भाऊसाहेब झाला," आप्पा म्हणाले. "त्याला शिवारातलं सगळं ठाऊक, चुलीवरचं काही नाही."

गावाकडे तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात, हे शहरात वाढलेल्यांना सांगावं लागेल. मला सांगावं लागलं नाही. माझे वडील तलाठी होते; माझ्या लहानपणी दारात दिवसातून दहा वेळा तीच हाक यायची. तेव्हा आप्पांनी हे बारसं केलं त्या दिवशी मला जरा हसू आलं आणि जरा कसंसंही झालं.

भाऊसाहेब काय लिहितात, त्यातली एकच ओळ दाखवते. आकडे बदललेत, घाट तोच :

सुरुवात २१:०४:१७. घरातला पत्ता अमुक. बाहेरचा पत्ता तमुक, पोर्ट ४४३. प्रोटोकॉल १७. पॅकेट ३,८१२. बाइट ४९,५५,६००.

बस. ही एक नोंद. हिला आमच्या धंद्यात फ्लो म्हणतात. वाचायला शिकलं की ती बोलते. प्रोटोकॉल १७ म्हणजे यूडीपी, आणि यूडीपीवर पोर्ट ४४३ म्हणजे बहुतेक व्हिडिओ, नाहीतर एखादं मोठं ॲप. दर पॅकेटमागे तेराशे बाइट, म्हणजे गाडी भरून आली; माल बाहेरून घरात आला. पन्नास लाख बाइट म्हणजे फार नव्हे, रील असावी. रील कसली होती, स्वयंपाकाची की राजकारणाची, ते या ओळीत नाही आणि कुठल्याच ओळीत नसतं.

ही ओळ भाऊसाहेब स्वतः बनवत नाहीत, हेही सांगायला हवं. वाहतूक त्यांच्यासमोरून जातच नाही. ती जाते वरच्या राउटरमधून. राउटर प्रत्येक संवाद संपला की चिठ्ठी लिहितो आणि अशा चिठ्ठ्यांचा गठ्ठा खाली फेकतो. या चिठ्ठ्यांची पद्धत सिस्को कंपनीने १९९६च्या सुमाराला काढली, नाव नेटफ्लो. गंमत अशी की मूळ हेतू हिशेबाचा नव्हताच. राउटरला पॅकेटं भराभर पुढे ढकलता यावीत म्हणून चालू संवादांची एक यादी डोक्यात धरून ठेवायची युक्ती होती ती. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं की ही यादी फेकून देण्याऐवजी बाहेर पाठवली तर आयता जमाखर्च हातात येतो. पुढे नववी आवृत्ती २००४ मध्ये सर्वांसाठी छापली गेली, आणि तिच्यावरून आयपीफिक्स नावाचं कोणा एका कंपनीचं नसलेलं प्रमाण तयार झालं.

'फेकतो' हा शब्द मी मुद्दाम वापरला. चिठ्ठी पोचल्याची पावती राउटर मागत नाही. चालत्या एसटीतून वर्तमानपत्राचा गठ्ठा टाकतात तसं. भाऊसाहेब जागेवर नसतील तर गठ्ठा गेला, परत येत नाही. फक्त गठ्ठ्यावर अनुक्रमांक असतो, त्यामुळे मधले किती गहाळ झाले तेवढं त्यांना समजतं. काय गहाळ झालं ते समजत नाही. मला हा स्वभाव आवडतो : चूक झाली तर लपवायची नाही, पण तिच्यासाठी रडतही बसायचं नाही.

गठ्ठे झेलणाऱ्या प्रोग्रामचं नाव पीएमॲक्ट. पाओलो लुचेन्ते नावाच्या इटालियन माणसाने २००३ मध्ये तो लिहायला घेतला आणि अजून सांभाळतोय. फुकट आहे, उघडा आहे, आणि दिसायला अगदीच रुक्ष. चित्र नाही, बटण नाही, एक साधी मजकुराची फाइल भरून द्यायची. पण त्या फाइलीत एक शब्द आहे, 'ॲग्रिगेट'. त्याच्यापुढे जे रकाने लिहाल तेवढेच तो राखतो, बाकीचे तिथल्या तिथे बेरीज करून मोडीत काढतो. फक्त घराचा पत्ता लिहिलात तर घरटी बेरीज. घर आणि बाहेरचं जाळं लिहिलंत तर कोणाचा माल कुठल्या गावाहून येतो ते. पहिल्या आठवड्यात मी हावरटासारखे सगळे रकाने लिहून ठेवले होते. सगळं हवं, न जाणो काय लागेल! डिस्क भराभर भरत चालली.

आमच्याकडे सेकंदाला सरासरी तीन हजार फ्लो होतात. दिवसाला पंचवीस कोटींच्या वर. नेटफ्लोच्या जुन्या, पाचव्या आवृत्तीत एक नोंद ४८ बाइटांची असे. तेवढीच धरली तरी दिवसाला बारा गिगाबाइट, दोन वर्षांना नऊ टेराबाइट. चार टेराबाइटच्या भाऊसाहेबांना ही भाकरी पचायची नाही.

ते जमलं क्लिकहाउसमुळे. हा डेटाबेस रशियातल्या यांडेक्स कंपनीत जन्मला आणि २०१६ मध्ये त्यांनी तो सर्वांसाठी खुला केला. त्याची खोड साधी आहे. आपली वही आडवी लिहिलेली असते : एका माणसाची एक ओळ, ओळीत सगळे रकाने. हा प्रत्येक रकान्याची वेगळी वही घालतो. बाइटांची बेरीज हवी असेल तर फक्त बाइटांची वही उघडायची, बाकीच्या कपाटातच. शिवाय प्रोटोकॉलच्या वहीत काय असणार? सहा, सहा, सतरा, सहा, सतरा, सतरा. असलं पुनरुक्तीचं लिखाण दाबलं की कागदाची घडी होते. पीएमॲक्ट दर मिनिटाला एक फाइल लिहून ठेवतो, माझी छोटी स्क्रिप्ट ती क्लिकहाउसमध्ये ओतते, आणि नऊ टेराबाइट दोन-अडीचात बसतात. वडिलांच्या कचेरीत ज्या बस्त्यांनी खोली भरली होती, ते आठवले की मला ही अजूनही हातचलाखी वाटते.

भाऊसाहेबांचं तोंड मात्र वरच्या मजल्यावर आहे. आप्पांच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर बत्तीस इंची टीव्ही, त्यावर ग्राफाना. टोर्केल ओडेगार्ड या स्वीडिश माणसाने २०१४ मध्ये हे बाहेर काढलं. आमच्या आप्पांना त्याचं नाव माहीत नाही, पण त्याच्या हिरव्या रेषेकडे ते पूर्वी पिकाकडे बघत असतील तसे बघतात. रेषेला वाकडचा दिवस ठाऊक आहे. पहाटे चारला जमिनीला टेकते. सकाळी साडेसहाला जरा हलते, शाळेच्या रिक्षा यायच्या वेळी पुन्हा बसते. दहापासून दुपारभर एक पठार असतं. हे २०२०च्या मार्चआधी नव्हतं. तेव्हा दिवसा माणसं हिंजवडीला जात. टाळेबंदीच्या आठवड्यात ते पठार उगवलं आणि वर जाणारी माल-रेषा, जी कायम तळाशी लोळत असे, ती पहिल्यांदा उठून बसली. घराघरांतून कॅमेरे चालू झाले होते. नंतर कंपन्या उघडल्या, पठार थोडं खचलं, गेलं नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा रेषेला दात पडतात. रात्री साडेदहाला शिखर, साडेचार गिगाच्या आसपास.

त्या शिखराने सुरुवातीला माझी फजिती केली. पहिल्या दिवशी मी अभिमानाने आप्पांना शिखर दाखवलं, तर ते पाच वाजता. "पाचला आपल्याकडं कोण बघतंय गं? पाचला तर समदी हायवेला अडकल्यात." खरंच होतं. भाऊसाहेबांनी ग्रीनिचच्या वेळेत लिहिलं होतं, मी भिंतीवर तसंच टांगलं होतं. साडेपाच तास पुढे केल्यावर शिखर साडेदहाला जागेवर बसलं.

दुसरी फजिती मोठी होती आणि तीत एक माणूस विनाकारण ओढला गेला. एका सकाळी भिंतीवर एक घर लाल झालं. शंभर एमबीपीएसचा प्लॅन, आणि रेषा ५४० वर.

"आयला, शंभराच्या प्लॅनवर पाचशे चाळीस? आणतो कुठनं ह्यो?"

मलाही वाटलं, चोरी. कोणीतरी वेगमर्यादा फोडली. मी त्या गिऱ्हाइकाला फोन केला आणि जो आवाज लावायला नको तो लावला. तो बिचारा म्हणाला, मी एक गेम उतरवून घेतला, अर्धा तास लागला, मॅडम, तुमचाच स्पीड कमी आहे. फोन ठेवून मी कागद घेतला. नव्वद एमबीपीएसने अर्धा तास : अठराशे सेकंद, एक लाख बासष्ट हजार मेगाबिट. राउटरची मूळ सेटिंग अशी होती की संवाद लांबत चालला तर चिठ्ठी अर्ध्या तासाने एकदाच लिहायची. आलेली चिठ्ठी मी पाच मिनिटांच्या खणात टाकत होते. एक लाख बासष्ट हजार भागिले तीनशे, पाचशे चाळीस. अर्ध्या तासाचं उत्पन्न पाच मिनिटांच्या नावावर चढवलं होतं मी. भाऊसाहेबांनी चिठ्ठीवरची सुरुवातीची आणि शेवटची दोन्ही वेळा नेमक्या लिहून ठेवल्या होत्या. मी फक्त शेवटची वाचली. ती मुदत मी एक मिनिटावर आणली, आणि त्या गिऱ्हाइकाला एक महिना फुकट दिला. आप्पांनी नाही, मी, माझ्या पगारातून.

भाऊसाहेबांनी मिटवलेला एक तंटाही सांगते. एका आजोबांचा पाचशे जीबीचा प्लॅन, आणि महिनाभर घराला कुलूप. "आम्ही गावी होतो, डेटा संपला कसा?" प्रश्न रास्त होता. भाऊसाहेबांकडे विचारलं तर उत्तर एका आडव्या रेषेत आलं : त्या घरातून दोन एमबीपीएस, बाहेर जाणारे, दिवस-रात्र, एकाच पत्त्यावर, हू नाही की चू नाही. माणूस असा वागत नाही. माणूस झोपतो, जेवतो, कंटाळतो. दोनच्या हिशेबाने दिवसाला २१.६ जीबी, महिन्याला ६४८. मी आजोबांना विचारलं, घरात कॅमेरा आहे का? होता. अमेरिकेतल्या मुलाने बसवून दिला होता, आईवडिलांवर लक्ष राहावं म्हणून. ते दोघं गावी गेले तरी तो महिनाभर रिकामा दिवाणखाना समुद्रापार पाठवत होता.

हे कळलं तेव्हा तंटा मिटला, पण मला तिथे थोडं थांबावंसं वाटलं. पेटी न उघडता, नुसत्या वजनावरून आम्हाला कळलं होतं की घर रिकामं आहे. कोण किती वाजता उठतं, कोणाकडे रात्रपाळी आहे, कोणाचं पोर बारावीला आहे असं सांगून तीन वाजेपर्यंत काय करतंय, हे सगळं वजनातून दिसतं. वडील म्हणायचे, तलाठ्याने आठ-अ बघून कोणाची ऐपत चारचौघांत बोलू नये. म्हणून भिंतीवर आम्ही फक्त सोसायट्यांच्या बेरजा लावतो. घरटी रेषा बघायची तर तक्रार नोंदलेली लागते, आणि कोणी बघितली ते भाऊसाहेब वेगळ्या वहीत लिहितात. हा नियम मी केला. आप्पांना आधी तो पटला नव्हता, मग एकदा त्यांच्याच घराची रेषा पोरांनी बघितली.

मला वाटतं, हिशेबनीसाची खरी कसोटी तो काय लिहितो यात नाही, काय सोडून देतो यात आहे. या धंद्यातली जुनी मंडळी हे जाणून होती. टोबियास ओटिकर नावाचा स्विस तरुण १९९४ मध्ये इंग्लंडातल्या लेस्टरच्या द मॉन्टफर्ट विद्यापीठात होता. अख्ख्या विद्यापीठाला बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच लाइन, ६४ किलोबिटची. आज आमच्या एका घराला त्याच्या दीडहजारपट देतो. तिच्यावर किती गर्दी आहे हे जो तो विचारू लागला, म्हणून त्याने एमआरटीजी नावाचा आलेख काढणारा प्रोग्राम लिहिला. मग १९९९ मध्ये आरआरडीटूल. त्याची फाइल जन्मताना जेवढी असते तेवढीच मरेपर्यंत राहते. आजचा दिवस पाच मिनिटांच्या बारकाव्याने. आठवड्याने तोच अर्ध्या तासाच्या सरासरीत. महिन्याने दोन तासांच्या. वर्षाने अख्ख्या दिवसाचा एक ठिपका. नवं आलं की सगळ्यात जुन्यावर लिहायचं. आपल्याला कालचं भांडण शब्दन् शब्द आठवतं आणि दहा वर्षांपूर्वीचं वर्ष 'बरं गेलं' एवढंच, तसं. आमच्याकडच्या आलेखांना मी तीच शिस्त लावली आहे.

पण भाऊसाहेबांची दुसरी वही विसरू शकत नाही. ती सरकारची. दूरसंचार खात्याने २०२१च्या डिसेंबरात परवान्यांतली अट बदलली : वापराच्या नोंदी पूर्वी एक वर्ष ठेवायच्या, आता किमान दोन. पुढच्या एप्रिलमध्ये सर्ट-इन या सायबर-सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा हुकूम निघाला, घड्याळं सरकारी वेळेशी जुळवून ठेवा. हा मात्र शहाणपणाचा, आणि तो का ते एका पत्राने शिकवलं. कुठल्याशा फसवणुकीच्या तपासात विचारणा आली : अमुक पत्ता, अमुक दिवस, रात्री नऊच्या सुमारास, कोण? आता आयपीव्ही-४चे पत्ते आमच्या भागात २०११ मध्येच संपल्यात जमा झाले. एका बाहेरच्या पत्त्याआड आम्ही साठ घरं बसवतो, एका पोस्टपेटीत साठ बिऱ्हाडं. 'सुमारास' म्हटलं तर साठही जण संशयित. मी उलट लिहिलं, पोर्ट क्रमांक द्या आणि सेकंदासकट वेळ द्या. दोन्ही आले, भाऊसाहेबांनी एक ओळ काढून दिली, एकोणसाठ घरांना काही कळलंही नाही.

दसऱ्याला आप्पा त्यांना झेंडूचा हार घालतात. पंख्यासमोर नको, आप्पा, म्हटलं की वरच्या अंगाला सरकवतात. कुंकू मात्र ते थेट डिस्कच्या दिव्याशेजारी लावतात, आणि वर्षभर ते तिथेच असतं.

रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी भाऊसाहेब वहीतलं सर्वांत जुनं पान फाडतात. दोन वर्षांपूर्वीचा एक दिवस, पंचवीस कोटी ओळी, पुसायला एक सेकंदसुद्धा लागत नाही. मी बहुतेक वेळा झोपलेली असते. २०२५च्या २० नोव्हेंबरला सकाळी मी सवयीने यादी बघितली, तर आदल्या रात्री गेलेलं पान होतं १९ नोव्हेंबर २०२३चं. विश्वचषकाची फायनल, अहमदाबाद. त्या संध्याकाळी आम्ही सगळे ऑफिसातच होतो, एका टीव्हीवर मॅच, दुसऱ्यावर रेषा. ऑस्ट्रेलियाचे तीन गडी ४७ धावांत गेले तेव्हा रेषा अशी उभी चढली की मी जास्तीची लाइन मागायला फोन हातात घेतला होता. मग हेड टिकला, आणि मॅच संपायच्या तासभर आधीपासून रेषा उतरायला लागली. सोसायटीमागून सोसायटी. आप्पा मॅच सोडून तिकडेच बघत होते. "गेली रं माणसं," एवढंच म्हणाले. रविवारचं साडेदहाचं शिखर त्या रात्री आलंच नाही.

आता त्याचा एक ठिपका आहे. २६.४ टेराबाइट.